परलोकाची वही आणि इहलोकाची हजेरी

या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘मृत्यू आणि परलोक : धर्मात आणि वाङ्मयात’ हा विषय आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही प्रथम हात जोडले होते. हा विषय शास्त्रीबुवांचा, फादरांचा, मौलवीसाहेबांचा, फार तर एखाद्या प्राध्यापकांचा. आमच्यासारख्या युनियनच्या माणसाला बोलवायचे तर पगार, बोनस, ठेकेदारी असले काहीतरी द्यावे. आमचे शाळेतले शिक्षण आठवीशी संपले. १९८२ च्या संपानंतर वडिलांची गिरणी सुटली, लालबागचे बिऱ्हाड आचोळ्याला आले, आणि आम्ही पंधराव्या वर्षी कामाला लागलो. पुढे जे काही वाचन घडले ते वाचनालयाच्या बाकावर आणि लोकलच्या डब्यात. तेव्हा येथे जे सांगू ते एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला सांगावे, तेवढ्याच अधिकाराने.

तरीही शेवटी होकार दिला, त्याला एक कारण आहे. पस्तीस वर्षे असंघटित कामगारांत वावरताना आम्ही जितक्या सभा पाहिल्या, जवळजवळ तितकेच दहावे-तेरावेही पाहिले. त्यांतला एक दहावा मनातून जात नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भागात एका इमारतीचे काम चालू होते. पायाच्या खड्ड्याची माती ढासळली आणि जालन्याकडचा एक तरुण बिगारी खाली सापडून गेला. दहाव्या दिवशी तळ्याच्या काठी पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण एकही खाली उतरेना. आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. कावळा शिवला नाही तर मृताची काही इच्छा राहिली असे समजतात, आणि मग एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. भाऊ म्हणाला, ‘पोरांना शिकवीन.’ सासरा म्हणाला, ‘लेकीला अंतर देणार नाही.’ कावळा येईना. तेव्हा मागे उभा असलेला एक गवंडी पुढे आला आणि म्हणाला, ‘तुझ्या पैशाचा दावा आम्ही लावू. तू काळजी करू नको.’

थोड्या वेळाने कावळा उतरला. त्या शब्दाने उतरला की भुकेने, याचा निकाल आम्ही देत नाही. शब्द मात्र चारचौघांत दिला गेला होता.

त्या दिवशी घरी परतताना मृताची पत्नी आम्हांला म्हणाली, ‘भाऊ, त्यांच्या नशिबातच होतं. मागच्या जन्मीचं काही असंल. भांडून माणूस माघारी येतो का?’ एका बाजूला गवंड्याचा तो शब्द आणि दुसऱ्या बाजूला या बाईचे हे बोलणे. दोन्ही एकाच श्रद्धेतून आलेली होती. मेलेल्या माणसाचे काही येणे राहते, ही ती श्रद्धा. एकाने ते येणे इथे वसूल करायचे ठरवले. दुसरीने ते मागच्या आणि पुढच्या जन्माच्या खाती टाकले. या दोन वाटा कोठून निघाल्या, हे शोधण्यासाठी आम्ही पुस्तके उघडली. त्या वाचनाचा गोषवारा आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडचे सर्वांत जुने वाङ्मय ऋग्वेद. त्यातला यम हा पुढच्या काळातला रेड्यावर बसलेला, फास घेतलेला भयंकर देव नाही. तो मरणारा पहिला माणूस आहे. तो आधी गेला, त्याने वाट शोधली, आणि मागून येणाऱ्यांसाठी तो तेथे राजा होऊन बसला. पितर तेथे आनंदात आहेत अशी ती कल्पना. पुन्हा जन्म, कर्माचा हिशेब, चौऱ्यांशी लक्ष योनी हे सारे पुढचे आहे.

उपनिषदांत मात्र प्रश्न टोकदार होतो. कठोपनिषदातला नचिकेता हा कोवळा मुलगा यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसतो, आणि मिळालेल्या तीन वरांपैकी शेवटच्या वरात विचारतो, की माणूस मेल्यावर काही उरते की नाही. यम त्याला गाई, हत्ती, घोडे, सोने, दीर्घ आयुष्य असे सगळे देऊ करतो. फक्त हा प्रश्न विचारू नको म्हणतो. मुलगा हटत नाही. वाटाघाटीत कामगारांचा प्रतिनिधी कसा असावा, हे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगताना कधीकधी नचिकेत्याचे उदाहरण देतो. मूळ मागणी सोडून दुसरे काहीही घ्यायला तो तयार होत नाही.

बृहदारण्यकातला प्रसंग याहून विलक्षण आहे. आर्तभाग याज्ञवल्क्याला भर सभेत विचारतो, की मेलेल्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात जातो, डोळा सूर्यात जातो, तर मग तो माणूस कोठे असतो? याज्ञवल्क्य म्हणतो, हात दे, हे आपण दोघेच बोलू. हे लोकांत बोलायचे नाही. दोघे बाजूला जातात आणि जे बोलतात ते कर्माविषयी असते. माणूस जसे करतो तसा होतो. म्हणजे कर्मविचार त्या वेळी इतका नवा होता की तो सभेत सांगण्याजोगाही वाटला नाही. आज आम्ही तो भरसभेत काढला आहे, याबद्दल याज्ञवल्क्य आम्हांला क्षमा करो.

पण हा विचार फार काळ दोघांपुरता राहिला नाही. छांदोग्य उपनिषदात त्याला समाजाच्या पायऱ्या चिकटल्या. चांगले वागणारे ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य यांच्या योनीत जातात आणि वाईट वागणारे कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ यांच्या योनीत, असे तेथे येते. येथे हिशेबाची वही उलटी झाली. आधी म्हणणे असे होते की वाईट वागलास तर दुःख भोगशील. आता दुःख भोगणाऱ्याकडे बोट दाखवून म्हणता येऊ लागले की हा नक्की वाईट वागला असणार. दावा लावण्याआधीच निकाल लागला! त्या बाईच्या तोंडी जे आले ते तिचे स्वतःचे बोलणे नव्हते; अडीच हजार वर्षांच्या या उलट्या वहीचे ते बोलणे होते.

पुराणांत वही चित्रगुप्ताच्या हाती आली. गरुडपुराणात दहा दिवसांच्या पिंडांनी प्रेताला अवयव फुटत जातात, मग वर्षभराचा प्रवास, वाटेत वैतरणी नदी, आणि शेवटी यमाच्या दरबारात हिशेब. या वर्णनातल्या भीतीवर पुढे दानाचा मोठा व्यवहार उभा राहिला. चार्वाकांनी यावर जो टोला हाणला तो चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त नोंदला गेला आहे. इथे घातलेले अन्न जर परलोकी पोहोचते, तर प्रवासाला निघालेल्या माणसाने शिदोरी कशाला न्यावी, असे ते विचारत. आमच्या आईला हा टोला आम्ही लहानपणी ऐकवला असता तर तिने कानाखाली वाजवली असती. वडिलांच्या तेराव्याला तिने व्याजाने पैसे काढले आणि ते फेडायला आम्हांला दोन वर्षे लागली. परंतु त्या पंगतीत तिच्या डोळ्यांत जे समाधान होते तेही आम्ही पाहिले आहे. म्हणून या विषयात नुसती टिंगल करून भागत नाही, असे आमचे मत आहे.

आता थोडे दूर, नाईल नदीकाठी जाऊ. कारण परलोकाच्या व्यवस्थेवर इतका खर्च दुसऱ्या कोणी क्वचितच केला असेल. इजिप्तच्या लोकांची समजूत अशी की मेलेल्याचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याचे पीस दुसऱ्यात घालून तोलतात. त्या वेळी मृताने आपण कोणते अपराध केले नाहीत हे म्हणून दाखवायचे असते. त्या यादीत चोरी आणि खून आहेतच. पण नोकराची धन्याकडे चहाडी केली नाही, कोणाला उपाशी ठेवले नाही, ठरल्याहून जास्त काम लादले नाही, अशाही गोष्टी आहेत. मजुराकडून ओढून घेतलेले काम हृदयाच्या पारड्यात उतरते, हे तीन हजार वर्षांपूर्वी माणसाला कळले होते!

पण त्याच इजिप्तमध्ये श्रीमंतांच्या थडग्यांत ‘उशब्ती’ नावाच्या बाहुल्या ठेवीत. परलोकी शेतात राबायची वेळ आली तर धन्याच्या ऐवजी या बाहुल्यांनी ‘मी हजर आहे’ म्हणून उभे राहायचे. पुढेपुढे तर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक अशा ३६५ बाहुल्या, आणि दर दहांवर एक याप्रमाणे चाबूक घेतलेले ३६ मुकादम, असा ४०१ जणांचा ताफा ठेवण्याची चाल पडली. स्वर्गातही बदली कामगार आणि वर मुकादम! माणसाला परलोकाची कल्पना करताना आपल्या गावची व्यवस्था मागे ठेवता येत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हांला सापडले नाही.

आणि याच देशात, राजांची थडगी कोरणाऱ्या कारागिरांनी, तिसऱ्या रामसेसच्या राज्याच्या २९ व्या वर्षी, म्हणजे इ. स. पूर्व ११५७ च्या सुमारास, धान्याचा शिधा थकला म्हणून हत्यारे खाली ठेवली. ते राजांच्या स्मृतिमंदिरांपाशी जाऊन बसले आणि आम्ही भुकेने आणि तहानेने येथे आलो आहोत असे अधिकाऱ्यांना सांगते झाले. ही हकीकत ज्या पपायरसवर लिहिलेली आहे तो इटलीत तुरीन येथे आहे. जगातला लेखी पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप, आणि तो केला परलोकाची घरे बांधणाऱ्यांनी. आमच्या सभेत आम्ही ही गोष्ट सांगतो तेव्हा हमखास टाळ्या पडतात.

परलोकात मजुरीचा हिशेब लागतो ही समजूत आपल्या वसईच्या किनाऱ्यावर नांदणाऱ्या इतर धर्मांतही आहे. पोर्तुगीज अमदानीपासून येथे ख्रिस्ती समाज आहे. दरवर्षी २ नोव्हेंबरला आपले ख्रिस्ती शेजारी कबरी साफ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. मृत हे शुद्ध होत आहेत आणि जिवंतांची प्रार्थना त्यांना पोहोचते, अशी त्यामागची श्रद्धा. पिंड आणि मेणबत्ती या फार दूरच्या गोष्टी नाहीत, हे या दिवशी त्या बाजूला गेलेल्या कोणालाही पटेल. त्यांच्या धर्मात पुनर्जन्म नाही. पुनरुत्थान आहे आणि अंतिम न्याय आहे. लूकच्या शुभवर्तमानात मेजवान्या झोडणारा श्रीमंत आणि त्याच्या दारात फोडांनी भरून पडलेला लाजरस यांची मरणोत्तर जागा बदललेली दिसते. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आवाज देवाच्या कानी जातो. इटलीचा कवी दान्ते (१२६५–१३२१) याने आपल्या महाकाव्यात नरकाची पूर्ण रचना बांधली, आणि त्यात सावकारांना गळ्यात आपापल्या थैल्या अडकवून तापलेल्या वाळूवर बसवले. आपल्या गावच्या सावकारांची नावेसुद्धा वाचकाला ओळखता येतील अशी खूण त्याने ठेवली आहे.

मुसलमान बांधवांच्या धर्मातही कयामतीचा दिवस आहे. पैगंबरांच्या वचनांच्या बुखारी यांच्या संग्रहात असे येते, की त्या दिवशी तीन प्रकारच्या माणसांविरुद्ध ईश्वर स्वतः उभा राहील. आणि त्यांतला एक म्हणजे मजूर लावून पुरे काम करून घेणारा आणि मजुरी न देणारा. त्यांच्या शास्त्राप्रमाणे माणूस गेला की दफनाच्या खर्चानंतर आधी त्याचे कर्ज फेडायचे, आणि मगच वारसांनी वाटणी करायची. मजुरीची बाकी हेही कर्जच.

म्हणजे इजिप्तपासून वसईपर्यंत एक गोष्ट सारखी दिसते. परलोकाची वही लिहिताना माणसाने राबणाऱ्याचे येणे तीत घातले आहे. का घातले, हे आम्ही आमच्यापुरते असे समजतो. इहलोकाच्या वहीत ज्यांचे नाव कधी आले नाही, त्यांना कोठे तरी एक अशी वही हवी होती की जिच्यात काही गाळले जात नाही. ती आशा जितकी जुनी आहे तितकीच ती धोक्याचीही आहे. कारण ‘वर सगळे लिहिले जाते’ म्हटले की खाली लिहिण्याची निकड कमी होते.

या धोक्याची जाणीव कोणाला झाली होती काय, असा शोध घेत असता आम्हांला फार लांब जावे लागले नाही. आचोळ्याहून पश्चिमेला, रेल्वेचे रूळ ओलांडले की सोपारे. त्याचे जुने नाव शूर्पारक, पालीत सुप्पारक. ‘उदान’ या पाली ग्रंथात येथल्या समुद्रकाठी राहणाऱ्या बाहिय नावाच्या वल्कलधारी साधूची कथा आहे. लोक त्याला सिद्ध मानीत. त्यालाही तसेच वाटू लागले होते. आपण सिद्ध नाही हे कळताच तो श्रावस्तीला बुद्धाकडे गेला. बुद्ध भिक्षेसाठी निघालेले, त्यांनी दोनदा ‘ही वेळ नव्हे’ म्हटले. तिसऱ्यांदा बाहिय म्हणाला, की आपण दोघे किती वेळ जगू याची खात्री कोणी द्यावी? तेव्हा रस्त्यातच बुद्धांनी थोडक्यात सांगितले, की पाहताना पाहण्यापुरते आणि ऐकताना ऐकण्यापुरते राहा, त्यात ‘मी’ कालवू नकोस. थोड्याच वेळात वासरू असलेल्या गाईने त्याला मारले. बुद्धांनी त्याचे दहन करवून स्तूप बांधायला सांगितले. भिक्षूंनी विचारले, तो कोठे गेला? त्यावर स्वर्ग नाही, नवा जन्म नाही, तो मुक्त झाला एवढेच उत्तर मिळाले. आमच्या गावाशेजारच्या या माणसाने मरणाविषयी एकच गोष्ट शिकवली आहे : जे विचारायचे, करायचे ते आज, वेळ नव्हे असे कोणी म्हटले तरी तिसऱ्यांदा विचारायचे.

सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उकलला, तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडे, सोन्याची फुले आणि मातीच्या भिक्षापात्राचे लहान तुकडे मिळाले. राजाच्या खजिन्यासारखी वेष्टणे आणि आत फुटक्या मातीच्या खापऱ्या! मृताची आठवण जपण्याची ही रीत पाहून आम्ही कितीतरी वेळ विचार करीत होतो.

त्याच १८८२ साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्याचा. हा नववा लेख गिरनार वगैरे ठिकाणी पूर्ण वाचायला मिळतो. त्याचा विषय आहे विधी. राजा म्हणतो, की लोक आजारपणात, लग्नात, मुलाच्या जन्माला, प्रवासाला निघताना नाना विधी करतात. करू देत, पण त्यांचे फळ थोडे. मोठे फळ देणारा विधी धर्माचा. आणि त्यात पहिली गोष्ट तो सांगतो ती दास आणि भृतक यांना नीट वागवण्याची. भृतक म्हणजे वेतन घेऊन राबणारा. त्यानंतर वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. उत्तरेकडच्या प्रतींत पुढे असेही आहे, की इतर विधींचे फळ मिळेल न मिळेल, पण धर्मविधीचे फळ इथे मिळाले तर उत्तमच आणि इथे न मिळाले तरी परलोकी अपार पुण्य होते. परलोक त्याने नाकारला नाही. परलोकाची वाट त्याने मजुराच्या खोपटावरून काढली.

१९५६ हेच वर्ष आणखी एका कारणाने आपल्या लक्षात आहे. १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केले. अनुयायांना दिलेल्या २२ प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष न करण्याची आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला आणि देहाची मूलद्रव्ये विश्वात मिसळून पुन्हा रूप घेतात, अशी मांडणी केली. मागच्या जन्मीच्या पापाने तू अस्पृश्य झालास, या युक्तिवादाच्या मुळावरच हा घाव होता. उलटी केलेली वही त्यांनी फाडून टाकली असे आम्ही म्हणतो.

बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचे आपले १९४८ चे पुस्तक ज्या तीन संतांना अर्पण केले, त्यांत चोखामेळा आहेत. आमच्या आजच्या सांगण्याचा गाभा त्यांच्या मरणात आहे. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. चोखोबांना त्या कामाला लावले होते. १३३८ साली ते कुसू कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. परंपरा सांगते, की नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यात हाडे एकमेकांत मिसळलेली. ती एकेक उचलून नामदेवांनी कानाशी धरली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी वेचली, पंढरपुरास आणली, आणि महाद्वारासमोर चोखोबांची समाधी झाली. जिवंतपणी ज्याला देवळात येऊ दिले नाही, तो मेल्यावर दारापर्यंत आला.

हजारो वारकरी ही कथा सांगतात आणि डोळे पुसतात. आम्हीही पुसले आहेत. पण युनियनच्या कामात वर्षे गेल्यावर या कथेत आम्हांला एक वेगळी गोष्ट दिसू लागली. हा कामावरचा अपघात होता. भिंत निकृष्ट होती की घाईने चढवली होती, हे कोणी विचारल्याचे आपल्याला ठाऊक नाही. आणि दुसरे असे, की ज्या हाडांतून नाम ऐकू आले नाही ती कोणाची होती? त्या मजुरांच्या घरी कोणी बायका, लेकरे असतीलच. त्यांची हाडे उचलून कानाशी धरायला नामदेव नव्हता. मेलेला माणूस आपले नाव सांगू शकत नाही. ते ऐकायला जिवंत माणसाने कान द्यावा लागतो. परलोकाविषयी आम्हांला जे खात्रीने सांगता येते ते एवढेच आहे.

आधुनिक वाङ्मयात हाच धागा अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत दिसतो. खाण बंद पडून काम गेलेला भीमा मुंबईच्या उपनगरात पोटासाठी मसणवटे धुंडाळू लागतो. राख चाळून, प्रेते उकरून सोन्याचे कण काढतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि कायमची जातात. आणि त्याच सुमारास बातमी येते की खाण पुन्हा सुरू होत आहे! परलोकाच्या दारात उभा केलेला हा बेकार माणूस भुताखेतांना भीत नाही, कारण भुकेची भीती त्याहून मोठी आहे. गरुडपुराणाच्या नरकवर्णनापेक्षा हे एक पान आम्हांला अधिक भयंकर वाटते. कारण तेथली सर्व शिक्षा निरपराध्याला झालेली आहे.

आता तळ्याकाठच्या त्या शब्दाकडे येऊ. आम्ही त्या बाईला म्हणालो, ‘ताई, माणूस माघारी येत नाही हे खरं. पण त्यांनी केलेलं काम तिथं उभं आहे. त्याचं देणं कुणाकडे तरी आहे.’ ठेकेदाराचा माणूस तेराव्याच्या खर्चाला म्हणून काही रक्कम आणि अंगठ्यासाठी एक कागद घेऊन आला होता. त्या वेळी १९२३ चा भरपाईचा कायदा लागू होता. त्या कायद्याने मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे भरावी लागे. वारसाच्या हाती परस्पर देऊन अंगठा घेतला तर ती फिटली असे धरत नसत. दावा लावायची मुदत दोन वर्षे होती. मजूर ठेकेदाराचा असला तरी ज्याच्या धंद्याचे काम चालले तो मूळ मालकही जबाबदार होता. एवढेच काय, अंत्यविधीच्या खर्चाची वेगळी रक्कम कायद्यातच धरलेली होती. आता हा सारा विषय २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणला गेला आहे; मुदती आणि रकमा त्या त्या वेळी विचारून घ्याव्यात. दोन वर्षे मनाशी ‘नशीब’ म्हणत बसले की नशीब कायद्याने पक्के होई, हे आम्ही त्या बाईला समजावले. तिने अंगठा दिला नाही.

परंतु अडचण निराळीच निघाली. मुकादमाच्या हजेरीवहीत मृताचे नावच नव्हते. हा आमच्याकडे कामालाच नव्हता, असे उत्तर आले. चित्रगुप्ताच्या वहीत प्रत्येकाचे नाव असते म्हणतात. मुकादमाच्या वहीत नसते. तेव्हा साक्षीला तिघे उभे राहिले. एक तो शब्द देणारा गवंडी, एक बिहारचा मुसलमान सेंटरिंगवाला, आणि एक डहाणूकडची घमेली वाहणारी वारली बाई. मेल्यावर माणसाचे काय होते याविषयी या तिघांचे कधी एकमत झाले नसते. त्या दिवशी तो माणूस खड्ड्यात उतरला होता, सकाळी त्याने आपल्याबरोबर चहा घेतला होता, आणि त्याचे नाव अमुक होते, याविषयी मात्र तिघांचे शब्द एक होते. प्रत्येक तारखेला त्यांचा दिवस बुडाला. गवंड्याला त्या ठेकेदाराने पुन्हा काम दिले नाही. दाव्याला वर्षे लागली. शेवटी निकाल बाईच्या बाजूने झाला आणि पैसे आयुक्तांकडे भरले गेले. तिने थोरल्या मुलीला पुढे शिकवले.

निकालाच्या दिवशी ती आम्हांला म्हणाली, ‘भाऊ, आता त्यांना गती मिळाली.’ आम्ही काही बोललो नाही. गती म्हणजे काय, याचे उत्तर नचिकेत्याला यमानेही सहज दिले नव्हते. ते आठवी शिकलेल्या माणसाने कोठून द्यावे? परंतु ज्या निकालपत्रात तिच्या नवऱ्याचे नाव सरकारी शाईने लिहिले गेले होते, तो कागद तिने देव्हाऱ्यात ठेवला, हे आम्ही पाहिले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणी श्राद्ध करील, कोणी मेणबत्ती लावील, कोणी फातिहा वाचील, कोणी पंचशील म्हणेल आणि कोणी यांतले काहीच करणार नाही. त्यात ढवळाढवळ करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे मागणे एकच आहे. आपण ज्या घरात राहता त्याचा पाया कोणी खणला, आपल्या गल्लीतल्या गटारात कोण उतरतो, आपल्या इमारतीच्या काचा कोण दोरावर लोंबकळून पुसतो, त्याचे नाव एकदा विचारून ठेवा. तो जिवंत असतानाच विचारा. पुढे कधी वेळ आलीच, तर हाडे कानाशी धरण्याची पाळी कोणावर येऊ नये.